गाडीच्या स्क्रीनचं अपडेट कुणी बघायचं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नुकतीच सेकंडहँड गाडी घेतली. फोन ब्लूटूथला जोडायला गेलो तर लिस्टमध्ये आधीच चार फोन, आणि नकाशात 'घर', 'आईकडे', 'शाळा' असे पत्ते सेव्ह केलेले. ते कुटुंब कोण, मला माहीत नाही, पण त्यांचं रोजचं जाणंयेणं माझ्या समोर उघडं पडलं होतं. फार अस्वस्थ वाटलं. सर्व्हिस सेंटरला विचारलं की या स्क्रीनचं सॉफ्टवेअर शेवटचं कधी अपडेट झालं, तर उत्तर आलं, गाणी वाजतायत ना, मग कशाला हात लावायचा.

पण ही स्क्रीन म्हणजे नुसता रेडिओ नाही हो. 2015 मध्ये चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक या दोन सुरक्षा संशोधकांनी घरबसल्या लॅपटॉपवरून, मोबाइल नेटवर्कमार्गे, हायवेवर धावणाऱ्या जीप चेरोकीच्या स्क्रीनमध्ये शिरून गाडीचा वेग पार उतरवला होता, चालवणारा अ‍ॅक्सिलरेटर दाबतोय आणि गाडी पळतच नाही, मागून ट्रक येतायत. शिरले स्क्रीनमधून, पण तिथून वाट काढत पोचले इंजिन-ब्रेकच्या कॅन बसवर, म्हणजे गाडीच्या भागांमध्ये मेसेज नेणाऱ्या आतल्या नेटवर्कवर, आणि ही कॅन बस 1980 च्या दशकातली, मेसेज नक्की कुणी पाठवला हे ती तपासतच नाही. नंतर कंपनीने 14 लाख गाड्यांसाठी रिकॉल काढला, लोकांना पोस्टाने यूएसबी स्टिक पाठवल्या.

बरं हे जुनं झालं म्हणावं तर 2025 च्या जुलैमध्ये 'परफेक्टब्लू' नावाचं गाड्यांच्या ब्लूटूथमधल्या त्रुटींचं प्रकरण बाहेर आलं. बऱ्याच गाड्यांमधलं ब्लूटूथ एकाच तयार सॉफ्टवेअरवर चालतं, त्यात चार भोकं सापडली, मर्सिडीज, फोक्सवॅगन, स्कोडाच्या सिस्टिमवर करून दाखवलं. यासाठी हल्ला करणारा गाडीच्या जवळ लागतो आणि बऱ्याचदा आपणच पेअरिंगला 'हो' म्हणावं लागतं, तेव्हा उगाच घाबरून जायचं कारण नाही. पण एकदा आत शिरला की गाडी कुठे आहे, आत काय बोलणं चाललंय, फोनबुकमध्ये कोण आहे, इथपर्यंत त्याचा हात पोचू शकतो. आणि मला खरा राग याचा येतो की ते सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी दुरुस्ती सप्टेंबर 2024 मध्येच दिली होती! पुरवठादाराकडून कंपनी, कंपनीकडून सर्व्हिस सेंटर, तिथून गाडी, या साखळीत ती महिनोन् महिने अडकते आणि मालकाला पत्ताच नसतो.

म्हणून कंपन्यांना सांगणं आहे की ऑइल बदलल्याची तारीख सर्व्हिस रेकॉर्डला लिहिता तशी अपडेटची पण लिहा, अपडेट फुकट द्या, किती वर्षं देणार ते गाडी विकतानाच कागदावर द्या. आणि गाडी विकणाऱ्यांनो, चावी देण्याआधी फॅक्टरी रीसेट करा, दोन मिनिटांचं काम आहे.

माझ्या गाडीतले ते पत्ते आणि चारही फोन मी पुसून टाकलेत. अपडेटची तारीख सर्व्हिस सेंटरला आता लेखी विचारलीये.

आपला,
एक वाचक