धुतलेली काच किती वेळ थांबते?

ठाणे, १४ जुलै

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोन ठेवलास आणि तुझा तो मायक्रोस्कोपचा फोटो मी चार वेळा मोठा करून पाहिला. काचेवर चढवलेल्या, वीज दिली की उजळणाऱ्या प्लास्टिकच्या पिवळ्या थरात गोल गोल भोकं, आणि प्रत्येक भोकाच्या कडेला थर मागे सरकल्यासारखा. "बाबा, तीन आठवडे नुसत्या काचा धुतेय आणि एकही डिव्हाइस पेटत नाही, हे माझं काम नव्हेच," म्हणालीस. मी बोलणार तेवढ्यात आईने फोन घेतला आणि विषय जेवणावर गेला. राहिलेलं आता लिहितोय.

वागळे इस्टेटच्या शेडमध्ये मी २२ वर्षं नळांच्या मुठींवर निकेल-क्रोम चढवलं. वरून सगळं क्रोम दिसतं, पण आत पितळ असतं, त्यावर १०-१५ मायक्रॉन निकेल, आणि सगळ्यात वरचं क्रोम अर्ध्या मायक्रॉनच्याही आत. तुझा थर १०० नॅनोमीटरचा, म्हणजे मायक्रॉनचा दहावा भाग. काल कागदावर हे मांडलं आणि अंगावर काटा आला. माझं क्रोम तुझ्या थराच्या फार तर चार-पाच पट जाड! पोरी, आपण दोघं एकाच धंद्यातले आहोत. फक्त माझ्या थरात बारीक भोक पडलं तर मूठ वर्षभराने हिरवी पडायची. तुझ्या थरात पडलं तर वरची धातूची पट्टी खालच्या आयटीओला, म्हणजे काचेवरच्या वीज वाहणाऱ्या पारदर्शक थराला, टेकते आणि डिव्हाइस तिथल्या तिथे शॉर्ट. एक मायक्रॉनचा धुळीचा कण तुझ्या थराच्या दहा पट उंच. म्हणून काचा धुणं हेच तुझं काम आहे, बाकीचं त्याच्यावर उभं राहतं.

सातवीत असताना तू शेडमध्ये आली होतीस, आठवतं? उस्तादांनी तुझ्या हातात पितळेची मूठ देऊन वरून पाणी सोडलं होतं. पाणी मुठीवर अखंड चादरीसारखं पसरलं. मग दुसरी मूठ दिली, बफिंगचा मसाला नीट न निघालेली. तिच्यावर पाणी मध्येच तुटलं आणि थेंब होऊन ओघळलं. तू लगेच म्हणालीस, "हिला तेल लागलंय." डोळ्यांना दोन्ही मुठी सारख्याच चकचकीत दिसत होत्या. तुझ्या फोटोतला मागे सरकलेला थर मला त्या तुटलेल्या पाण्यासारखा दिसला.

पॉलिअ‍ॅसिटिलीन या वीज वाहू शकणाऱ्या प्लास्टिकची गोष्ट तूच मला सांगितली होतीस. १९६७ मध्ये जपानमध्ये शिराकावा हे रसायनशास्त्रज्ञ काम करत त्या लॅबमध्ये उत्प्रेरक चुकून हजार पट पडला आणि काळ्या भुकटीऐवजी चांदीसारखा पापुद्रा तयार झाला. पुढे मॅकडायर्मिड आणि हीगर यांच्याबरोबर त्याला आयोडीनची वाफ दिली, तर त्यातून वीज कोटीच्या पटीत जास्त वाहू लागली. १९७७ मध्ये ते छापून आलं आणि २००० साली तिघांना नोबेल मिळालं. ही गोष्ट सगळे एका चुकीची गोष्ट म्हणून सांगतात. मला ते पटत नाही. चूक एका दिवसात झाली. त्या पापुद्र्यासाठी दिलेली मधली दहा वर्षं मला मोठी वाटतात.

आता खरं विचारायचं ते.

१९९४ च्या पावसाळ्यात एकदा ४०० मुठी धुऊन, आम्लातून काढून रॅकवर लावल्या आणि लाइट गेली. पाऊण तासाने आली. माल स्वच्छच होता, मी स्वतः धुतलेला, म्हणून पुन्हा न धुता सरळ निकेलच्या टाकीत सोडला. बाहेर आला तेव्हा आरशासारखा होता. आठ दिवसांनी गिऱ्हाइकाकडून पोती परत आली. नखाने खरवडलं की निकेलचे पोपडे निघत होते. त्या पाऊण तासात दमट हवेने पितळेवर आपला थर चढवला होता, माझ्या आधी. चूक माझीच होती. महिन्याचा पगार त्यात गेला. तुला हे कधी सांगितलं नव्हतं.

तू अ‍ॅसिटोन सांगितलंस, मग आयसोप्रोपिल, मग अतिनील प्रकाश आणि ओझोनने शेवटची सफाई, तुझा तो यूव्ही ओझोन. ते सगळं बरोबरच असणार. पण ओझोनमधून काच काढल्यापासून त्यावर द्रावण पडेपर्यंत किती वेळ जातो, ते तू सांगितलं नाहीस. मध्ये चहाला जातेस का? काच गरगर फिरवून द्रावण पसरवणाऱ्या त्या स्पिन कोटरसाठी रांग असते का? स्वच्छ काचेला हवेतलं सगळंच चिकटतं, जितकी स्वच्छ तितकं लवकर. पुढच्या खेपेला प्रत्येक काचेपुढे वहीत मिनिटं लिही. आणि एक जादा काच तेवढाच वेळ बाजूला ठेवून तिच्यावर पाण्याचा एक थेंब सोड.

कोपरीत परवापासून झोड आहे. आईने मेतकूट दळून ठेवलंय, डबा सोमवारी कुरिअरने निघेल. रविवारी फोन केलास की आधी पाणी कसं पसरलं ते सांग, मग आईला देईन.

तुझा,
बाबा