मराठी अक्षराचा आकार खालच्या चौकटीत असतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सदाशिव पेठेत मी गेली 26 वर्षे प्रबंध टाइप करून देते. मागच्या महिन्यात एक विद्यार्थिनी पाच प्रकरणांच्या पाच फायली घेऊन आली. प्रबंध सादर करायला चार दिवस उरले होते. एका प्रकरणात मराठी अक्षर 11चे, दुसऱ्यात 14चे, तिसऱ्यात ए-फोरऐवजी अमेरिकेतला लेटर कागद. रात्रभर जागून तिने पान न पान दुरुस्त केले होते, तरी नवा परिच्छेद सुरू केला की अक्षर पुन्हा 11चेच. माझ्यासमोर तिला रडू कोसळले. यात तिची काहीच चूक नव्हती.

वर्डमध्ये रोमन आणि देवनागरी लिपीसाठी फॉन्ट आणि आकार वेगवेगळे साठवलेले असतात. फॉन्टच्या खिडकीत वर ‘लॅटिन’ची चौकट असते आणि खाली ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’ची. आपली मराठी त्या खालच्या चौकटीत मोडते. बहुतेक जण वरची बदलतात आणि खालची तशीच राहते.

खालची चौकट भरून ‘सेट ॲज डीफॉल्ट’ केले, तर आपल्या संगणकावरच्या नव्या फायली सुधारतात. दुसऱ्याच्या लॅपटॉपवरून आलेली फाइल मात्र स्वतःच्या सवयी घेऊन येते. तिच्यासाठी मी मॅक्रो, म्हणजे एका नावाखाली साठवलेली आज्ञांची यादी, वापरते. एक कळ दाबली की ‘नॉर्मल’ स्टाइलमधला (साध्या मजकुराच्या ठरवलेल्या रूपातला) देवनागरी फॉन्ट, 14 आकार, ए-फोर कागद आणि बांधणीसाठी डावीकडे दीड इंच समास, सगळे एकदम लागते. हाच मॅक्रो ‘ऑटोन्यू’ नावाने नॉर्मल टेम्प्लेटमध्ये, म्हणजे नव्या फायलींच्या मूळ साच्यात, ठेवला की त्यावरून उघडलेल्या प्रत्येक नव्या फायलीवर आपोआप चालतो. नुसता मजकूर चिकटवणारा ‘एडिटपेस्ट’ नावाचा मॅक्रो लिहिला, तर वर्ड स्वतःच्या पेस्टऐवजी तोच चालवतो. त्यामुळे इंटरनेटवरून उचललेला उतारा आपले रंग आणि आकार सोबत आणत नाही, नुसता मजकूर येतो. (टेम्प्लेटची प्रत पेनड्राइव्हवर ठेवावी. माझा संगणक फॉरमॅट झाला तेव्हा सगळे मॅक्रो गेले होते.)

मॅक्रोला लोक घाबरतात आणि ती भीती खरी आहे. 1999चा मेलिसा व्हायरस वर्डच्या मॅक्रोतूनच पसरला. 2022पासून इंटरनेटवरून आलेल्या फायलींतले मॅक्रो मायक्रोसॉफ्ट मुळातच अडवते, ते योग्यच आहे. म्हणून अनोळखी फाइलमधला मॅक्रो कधीही चालू करू नये. स्वतः लिहावा, नाहीतर ‘रेकॉर्ड मॅक्रो’ने नोंदवून घ्यावा.

लिब्रेऑफिस (वर्डसारखाच मोफत प्रोग्राम) वापरणाऱ्यांनी मजकुराची भाषाही मराठी ठेवावी. 2009च्या शासन निर्णयातला पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ज्या फॉन्टमध्ये हिंदी वळणाच्या जोडीने असतात, तिथे ते त्यानंतरच उमटतात. नाहीतर हिंदी वळणाची अक्षरे येतात.

मी टाइपिंग शिकले ती रेमिंग्टन टाइपरायटरवर. सकाळी समासाचे खटके लावले की दिवसभर हलत नसत, आणि ते लावणे हाच पहिला धडा असे. आज वर्गांत मिनिटाला 30 किंवा 40 शब्दांच्या वेगासाठी मुली घाम गाळतात, पण माझ्याकडे काम मागायला येणाऱ्यांपैकी बहुतेकींना ती खालची चौकट माहीत नसते. टंकलेखन संस्थांनी आणि परीक्षा परिषदेने पहिल्या आठवड्यातच टेम्प्लेट, स्टाइल आणि एक छोटा मॅक्रो शिकवावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. माझ्या मॅक्रोच्या ओळी मी वहीत लिहून ठेवल्या आहेत. विद्यार्थी येतात, तिथेच बसून उतरवून घेतात.

– एक टंकलेखिका, सदाशिव पेठ, पुणे