आई-बाबा, वस्तू आधी उलटी करून पाहा

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

अमेरिकेत दादाच्या भागात दर आठवड्याला एस्टेट सेलच्या पाट्या लागतात, बाबांना तिथली जुनी हत्यारं खुणावतायत आणि आईला शिलाई मशीन आणि बिडाची भांडी बघायची आहेत, हे कळलं. फोनवर अर्धं सांगायचं राहून जातं, म्हणून सगळं लिहूनच पाठवते. जरूर जा. फक्त एक पक्कं ठरवा: वस्तूचं तोंड शेवटी बघायचं. आधी तळ, मग पाठ, मग आतली बाजू.

गॅरेज सेलमध्ये लोक नको झालेलं सामान अंगणात मांडतात. एस्टेट सेलमध्ये अख्खं घर रिकामं करायचं असतं. घरमालक वारलेले असतात किंवा लहान जागेत राहायला गेलेले असतात. बहुतेक वेळा विक्री एखादी कंपनी कमिशनवर करते आणि वस्तूवस्तूला किमतीची चिठ्ठी लावते. सहसा शुक्रवारी किंवा शनिवारी सुरू होऊन रविवारी संपते. पहिल्या दिवशी पूर्ण किंमत, शेवटच्या दिवशी बऱ्याच ठिकाणी निम्मी. फोटो आधीच ऑनलाइन टाकतात. ते मोठे करून बघा आणि नेमकं काय बघायला जायचंय ते कागदावर लिहून न्या. गर्दीच्या ठिकाणी सकाळी नंबर वाटतात आणि त्या क्रमाने थोडे थोडे लोक आत सोडतात. एकदा घेतलेली वस्तू परत होत नाही.

हत्यारं, चांदी आणि शिलाई मशीन पहिल्या तासातच जातात, त्यासाठी लवकर जा. काचेची कपाटं, जेवणाची टेबलं, बशांचे मोठे सेट, ज्ञानकोशांचे खंड यांना आता फारसं कोणी विचारत नाही. त्यासाठी रविवार दुपारच बरी. पहिल्या सकाळी घासाघीस करू नका, चालत नाही. शेवटच्या दिवशी तीन-चार वस्तू एकत्र घेऊन एक आकडा सांगितला, की बहुधा ऐकतात.

सोबत बाबांचं भिंग, लहान लोहचुंबक, मोजपट्टी, टॉर्च आणि दोन जुने टॉवेल असू द्या. डिकीचं माप आधीच घेऊन ठेवा.

आई, मशीनचं तुला सविस्तर सांगते. सिंगरचं २२१, म्हणजे फेदरवेट, हे १९३३ पासूनचं मॉडेल आहे. वजन जेमतेम पाच किलो, बाजूची फळी वर दुमडते. त्याचा सीरियल नंबर तळावर कोरलेला असतो आणि त्यावरून साल काढता येतं. वरची सोनेरी नक्षी पुसली असली तरी शिवणीत फरक पडत नाही. हातचाक हाताने आपल्याकडे फिरव. सुई सहज वरखाली झाली तर उत्तम. अडकलं तर जोर लावू नकोस. बहुतेक वेळा जुनं तेल सुकून चिकट झालेलं असतं. भोकांमध्ये शिलाई मशीनचं तेल थेंब थेंब सोडून एक-दोन दिवस ठेवलं की सुटतं. मात्र फेदरवेटच्या मोटरला ग्रीसच्या वेगळ्या नळ्या असतात, त्यांत तेल घालायचं नाही. मग बॉबिन केस, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या रिळाची डबी, जागेवर आहे का बघ. ती नसेल तर नवी घेणं महाग पडतं, आणि घाईत तपासायचं राहतं ते नेमकं हेच. शेवटी वायर हलकेच वाकव. रबराचा भुगा पडत असेल तर प्लग लावून चालवून बघण्याचा मोह आवर, आधी वायर बदलायला हवी.

आणि ही मोटर ११० व्होल्टची आहे. आपल्या घरी २३० वर थेट लावली तर जळेल, स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल. पायाने चालवायचं मशीन मिळालं तर हा प्रश्नच नाही. चामड्याचा पट्टा तुटलेला असला तरी तो स्वस्तात बदलतो. पायटं आणि बाजूचे बिडाचे पाय मात्र तडकलेले नकोत.

बिडाचा तवा सपाट ओट्यावर ठेवून बोटाने दाब. डुलला तर तो वाकलाय, शेगडीवर कधीच नीट बसणार नाही. मग एका बोटावर लटकवून लाकडी चमच्याने वाजव. चांगला तवा खणखणीत वाजतो, तडा असला तर बद्द. वरचा गंज घासून जातो, काळी खपली उतरवता येते, पण आतल्या बाजूला खड्डे असतील तर सोडून दे. तवा मळकट तांबूस दिसतोय आणि बोट चोळूनही तो रंग निघत नाही, तर कोणीतरी तो साफ करायला विस्तवात टाकलेला असतो. त्या तव्यावर तेलाचा थर नीट धरत नाही. ग्रिसवोल्ड आणि वॅग्नर ही जुनी नावं लक्षात ठेव. त्यांचे तवे आतून घासून गुळगुळीत केलेले असतात, घावन न चिकटता सुटेल. ग्रिसवोल्डचा पेनसिल्व्हेनियातल्या एरीचा कारखाना १९५७ मध्ये बंद पडला. त्यांच्या शिक्क्याच्या नकलाही विकल्या जातात. कडा जाड आणि तळ खरबरीत असेल तर शंका घे. एक गोष्ट मात्र मनावर घे: मासेमारीची वजनं किंवा गोळ्या ओतायला काही लोक अशाच भांड्यांत शिसं वितळवायचे. आत करडी, चंदेरी पुटं दिसली, किंवा भांडं गॅरेजमध्ये हत्यारांच्या शेजारी सापडलं, तर स्वयंपाकासाठी घेऊ नकोस.

बाबा, स्टॅनलीचा रंधा दिसला की आधी पातं काढा. पात्याच्या खाचेखाली जेमतेम अर्धा इंचच पोलाद उरलं असेल, तर तो घासून संपत आलाय. मग तळाच्या तोंडापाशी आणि दोन्ही बाजूंना केसाएवढा तडा आहे का ते टॉर्च तिरका धरून बघा. बिडाला झाळ घालून तो नीट होत नाही. लाकडी मूठ फुटली असेल तर चिकटवता येते, त्यासाठी चांगला रंधा सोडू नका. नंबर ४ आणि ५ सगळ्यात कामाचे. करवत असेल तर दातांकडून डोळ्याच्या रेषेत धरून बघा, सरळ हवी. परत येताना हे सगळं चेक-इन सामानातच जाईल. पाती आणि सात इंचांहून लांब हत्यारं केबिनमध्ये नेऊ देत नाहीत, आणि बिडाचा तवासुद्धा नाही.

जुनी विजेची घड्याळं आवडली तरी घेऊ नका. अमेरिकेत विजेची वारंवारता ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०. अशा बहुतेक घड्याळांची मोटर त्या वारंवारतेवरच चालते, म्हणून ती आपल्याकडे तासाला दहा मिनिटं मागे पडतात. ट्रान्सफॉर्मर फक्त व्होल्टेज बदलतो, वारंवारता नाही. चावीचं घड्याळ खुशाल घ्या. आणताना लंबक काढून वेगळा गुंडाळा. ‘जास्त चावी दिल्याने बंद पडलंय’ असं सांगतील, पण स्प्रिंग पूर्ण आवळल्याने घड्याळ बिघडत नाही. तेल सुकलेलं असतं. अंधारात चमकणारी जुनी तबकडी असेल तर काच उघडू नका, त्यात रेडियम असू शकतं.

चांदीचे चमचे उलटे करून भिंगाखाली धरा. ‘स्टर्लिंग’ किंवा ‘९२५’ असेल तर चांदी. ‘ईपीएनएस’ म्हणजे फक्त मुलामा. मेणबत्तीच्या स्टँडवर ‘वेटेड’ लिहिलेलं असेल तर वजनावर भाव लावू नका, आत सिमेंट किंवा डांबर भरलेलं असतं आणि चांदीचा नुसता पातळ पत्रा. हस्तिदंताला हातच लावू नका, आपल्याकडे आणता येत नाही.

फर्निचर दादासाठी बघत असाल तर ड्रॉवर पूर्ण बाहेर काढा. कोपऱ्यातले सांधे थोडे कमी-जास्त आकाराचे असतील तर हाताचं काम. शंभर वर्षांचं म्हणून विकत असतील आणि फुलीच्या खाचेचे स्क्रू दिसले, तर ते १९३० च्या दशकात किंवा त्यानंतर बसवलेले आहेत. छोट्या भोकांखाली ताजं पीठ पडलेलं असेल तर भुंगा जिवंत आहे. गादीची खुर्ची असेल तर शिवणींत काळे ठिपके शोधा. ढेकणांचे असतात, आणि ते एकदा घरात शिरले की दादाची झोप उडेल.

ड्रॉवरमध्ये पत्रं किंवा फोटो सापडले तर मुकाट्याने काउंटरवर द्या. घरची माणसं कधीकधी तिथेच बसलेली असतात, म्हणून वस्तूंबद्दल मराठीतही मोठ्याने बोलू नका.

बाबा, हत्यारं बऱ्याचदा तळघरात असतात. जिना अरुंद असतो, कठडा दर वेळी असतोच असं नाही. उतरताना, चढताना हात रिकामे ठेवा, सामान कोणालातरी वर आणायला सांगा. तळघरात बुरशीचा वास आला तर मास्क लावा, तुमच्या दम्याला ते सोसणार नाही. तिथे पाच मिनिटांहून जास्त थांबू नका.

काही आवडलं तर पैसे देण्याआधी तळाचा आणि शिक्क्याचा फोटो मला पाठवा. शनिवारी सकाळी फोन जवळच ठेवते. दादाला गाडी घराजवळ लावायला सांगा, मशीन आईने उचलायचं नाही.

तुमची,
मुक्ता