उचललेली गाडी 'टो' कशी?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परवाच्या अंकात वाहतूक पोलिसांच्या कारवाईची बातमी वाचली. मथळा 'दुचाक्यांचे टोइंग', आणि खालच्या फोटोत चार पोरं एक स्कूटर धरून टेम्पोत चढवताहेत. यात ओढलं कोणी आणि काय? 'टो' म्हणजे दोर, साखळी नाहीतर दांडा लावून मागोमाग ओढत नेणं. ज्याची गाडी जाते तो बिचारा बरोबर बोलतो, "माझी गाडी उचलली." त्याचा नेमका शब्द टाकून आपण इंग्रजी घेतला, आणि तोही भलत्या जागी. (मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 127 मध्येही गाडी हटवण्यासाठी 'टोइंग सर्व्हिस'च आहे, त्यामुळे सगळा दोष तुमचा नाही.)

मी शिरवळकडे गॅरेज चालवतो. खंबाटकी घाटात बंद पडलेल्या गाड्या आणण्यात निम्मं आयुष्य गेलं. आमच्याकडे याला 'टोचन' म्हणतात. टोचन लाव, टोचन करून आणली. मूळ शब्द 'टो चेन'. आता साखळी जाऊन नायलॉनचा पट्टा आला, तरी टोचन ते टोचनच. माझ्याकडचा एक पोरगा कित्येक दिवस समजत होता की हूक टोचतात म्हणून टोचन. मीही त्याला काही बोललो नाही. क्लीनरचा किन्नर झाला, तसाच हा शब्दही आता आपला झालाय.

टोचनमध्ये खरी कसोटी मागच्या गाडीत बसणाऱ्याची. इंजिन बंद, म्हणजे दोन-तीनदा दाबला की ब्रेक दगडासारखा होतो, स्टिअरिंगही जड. त्यात उतारावर मागची गाडी पुढच्याच्या अंगावर जायला बघते, पट्टा सैल पडतो आणि पुढच्याने जरा वेग घेतला की असा हिसका बसतो की हूक उपटून येतो. म्हणून मागच्याने हलका ब्रेक धरून पट्टा सतत ताणलेला ठेवायचा. 1989 च्या रस्ता नियमावलीत दोन गाड्यांमधलं अंतर पाच मीटरपेक्षा जास्त नको आणि वेग ताशी 24 किलोमीटरच्या वर नको असं होतं, ते उगाच नव्हे. त्या 'टोइंग'च्या फोटोत यातलं काय दिसतं?

इंग्रजीत 'टो' आणि 'टग' एकाच मुळाचे. बंदरात मोठ्या जहाजाला ओढणारी बोट ती टग. माणसांनाही ते हाच शब्द लावतात: बायकोपोरं 'इन टो' घेऊन आला. आपण म्हणतो लटांबर घेऊन आला, आणि लटांबरात जी कटकट ऐकू येते ती 'टो'मध्ये नाही. आणखी एक गंमत. इंग्रजीत 'टो द लाइन' म्हणतात, त्यातला टो म्हणजे पायाचा अंगठा; रेघेला अंगठा लावून निमूट उभं राहायचं. पण भलेभले इंग्रजी लिहिणारे तिथे ओढण्याचा 'टो' लिहून बसतात. त्यांना हसायला नको, आपणही दुसऱ्याची री ओढतोच की!

तेव्हा उचलली तर 'उचलली' छापा आणि ओढून नेली तर 'टोचन', तेही अवतरणचिन्हांशिवाय. अडचण फक्त एका ठिकाणी आहे. ऑटोमॅटिक गिअरच्या आणि विजेच्या बहुतेक गाड्या चाकं फिरवत ओढायच्या नसतात, आख्खी गाडी सपाट ट्रकवर घालून आणावी लागते. गिऱ्हाईक फोनवर 'टोइंगवाला पाठवा' म्हणतं, मी 'फ्लॅटबेड' म्हणतो आणि माझा हेल्पर म्हणतो, "पालखीतून आणली." याहून बरा शब्द कुणा वाचकाला सुचत असेल तर जरूर कळवावा.

आपला,
एक गॅरेजवाला
शिरवळ, जि. सातारा