चार स्वातंत्र्यं आणि एक प्रिंटर

प्रिय मकरंद,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसलो, दुसऱ्यांदा ओशाळलो. "बंद सॉफ्टवेअर वापरणारा माणूस आपली बेडी आपणच घासूनपुसून ठेवतो" हे जे तू त्या सहकाऱ्याला सुनावलंस, ते मूळचं माझंच वाक्य आहे. आता लिनक्सचं, म्हणजे आपल्या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमचं, नाव निघालं की तो उठून जातो, म्हणतोस. जाणारच!

माझ्या मेहुण्याचा किस्सा तुला कधी सांगितला नाही, कारण लाज वाटत होती. एका रविवारी मी त्याचा लॅपटॉप पुसून लिनक्स टाकलं. प्रिंटर चालेना. तो दुरुस्त करायचा सोडून मी त्याला मुक्त सॉफ्टवेअरची चार स्वातंत्र्यं समजावत बसलो: वापरण्याचं, अभ्यासण्याचं, वाटण्याचं, सुधारून वाटण्याचं. तिसऱ्या आठवड्यात तो गुपचूप जुन्यावर परतला. म्हणाला, "स्वातंत्र्यं चार दिलीस, पण कागद एकही छापून निघाला नाही." इंग्रजीत "फ्री" या एकाच शब्दाने घोळ होतो, आपल्याकडे मुक्त वेगळं, फुकट वेगळं, असा मला कोण अभिमान! मी मुक्त म्हणत राहिलो, त्याने फुकटच ऐकलं.

आता तुझ्या मुद्द्याकडे. भांडल्याशिवाय काही बदलत नाही, असं तू लिहितोस आणि केडीई-ग्नोम या लिनक्सवरच्या दोन डेस्कटॉपांचा दाखला देतोस. दाखला बरोबर आहे, पण तू तो अर्धाच सांगतोस. १९९६ साली माथियास एट्रिखने केडीई सुरू केलं, ते क्यूटी या दुसऱ्यांच्या तयार कोडसंचावर. क्यूटीचा परवाना तेव्हा मुक्त नव्हता. लोक चिडले, खूप बोलले. पण १९९७ मध्ये मिगेल दे इकाझा आणि फेदेरिको मेना यांनी दुसरा डेस्कटॉपच, ग्नोम, लिहायला घेतला. चिडून घेतलेलं काम, पण काम! तो पर्याय उभा राहिला, दबाव वाढत गेला आणि २००० साली क्यूटी जीपीएल या मुक्त परवान्याखाली आलं.

भांडण तिथेच मिटायला हवं होतं. पण त्याच सुमारास मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ उभी करणाऱ्या स्टॉलमनने लिहिलं की, केडीईवाल्यांनी आधी ज्यांचा जीपीएल कोड क्यूटीशी जोडला होता, त्यांच्याकडून क्षमा मागून घ्यावी. आपल्या संस्थेच्या कोडपुरती ती क्षमा त्याने तिथल्या तिथे देऊनही टाकली. परवान्याच्या दृष्टीने मुद्दा खरा होता: जीपीएल कोड तेव्हाच्या क्यूटीशी जोडणं परवान्यात बसत नव्हतं, त्या उल्लंघनाने गेलेला हक्क परत मिळवण्याचा. पण वर्षानुवर्षं रात्री जागून फुकट काम करणाऱ्याला "क्षमा" हा शब्द कसा लागेल? मंडळी भडकली. मला हा प्रसंग फार जवळचा वाटतो. मेहुण्यासमोर मीही असाच बरोबर होतो.

दुसऱ्या टोकाचे लोकही मला पूर्ण पटत नाहीत, हेही सांगतो. १९९८ च्या फेब्रुवारीत क्रिस्टीन पीटरसनने "मुक्त सॉफ्टवेअर"ऐवजी "ओपन सोर्स" हा शब्द सुचवला आणि कंपन्यांशी बोलणं सोपं झालं. परवाने बहुतेक तेच, कीर्तनकार बदलला. पण स्वातंत्र्याचा विषय वगळून नुसतं "कोड चांगला होतो" एवढंच सांगायचं, तर कोड चांगला न झाल्या दिवशी काय सांगणार? म्हणून मी अजून जुन्याच गोटात आहे. फक्त आवाज खाली आणलाय.

आणि थिओ दे राट विसरू नकोस. नेटबीएसडी या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमच्या गटातून भांडून बाहेर पडला, १९९५ मध्ये स्वतःचं ओपनबीएसडी काढलं. त्याच्या बोलण्याची धार ज्यांना सोसत नाही, तेही सर्व्हरवर शिरायला रोज त्याच्या गटाचंच ओपनएसएसएच वापरतात. मी त्याची बाजू कधीच घेतली नाही, आणि घ्यायची गरजही पडली नाही. गेली कित्येक वर्षं त्याचं काम वापरतोय.

(कोड लिहायला ईमॅक्स बरा की व्हीआय, हा तुझा ताजा कलम मी वाचलाच नाही असं समज. त्यावर वीस वर्षं घालवून झाली.)

त्या सहकाऱ्याला काही दिवस एकटं सोड. मग एकदा सहज विचार, त्याला संगणकावर नेमकं काय अडतं. उत्तर ऐकून लगेच डिस्ट्रोचं, म्हणजे लिनक्सच्या अमुक आवृत्तीचं, नाव घेऊ नकोस. आणि त्याच्याकडे प्रिंटर असेल तर मॉडेल नंबर मला कळव, आधी मी तपासून पाहतो.

तुझा,
श्रीधर