घरगुती कॅनिस्टर फिल्टर : बरणी नव्हे, झाकण पाहावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत माशांच्या टाकीसाठी घरच्या घरी कॅनिस्टर फिल्टर कसा बनवावा, हे सांगणारा लेख वाचला. तयार कॅनिस्टर अनेकांना परवडत नाही आणि टाकीच्या कडेला लटकवायच्या छोट्या फिल्टरने गोल्डफिशसारख्या भरपूर घाण करणाऱ्या माशांचे पाणी निवळत नाही, तेव्हा हा विषय घेतल्याबद्दल आपले आभारच मानायला हवेत. मात्र स्वयंपाकघरातील हवाबंद बरणीच्या झाकणाला दोन भोके पाडून, आत स्पंज भरून ती टाकीखाली ठेवावी आणि पंप सुरू करावा, असे जे त्यात सुचवले आहे, ते वाचून हे पत्र लिहिणे भाग पडले. मी एका नगरपालिकेच्या पाणीपुरवठा विभागात तीस वर्षे नोकरी केली, मासे त्याहून अधिक काळ पाळले आणि अशाच बरणीने एकदा आमच्या दिवाणखान्यात पाणी केले आहे.

हवाबंद झाकण आणि पाण्याचा दाब सोसणारे झाकण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॅनिस्टर म्हणजे पाण्याने काठोकाठ भरलेले बंद भांडे. टाकीतील पाणी सायफनने, म्हणजे पूर्ण भरलेल्या नळीतून आपोआप ओढले जाऊन, त्यात उतरते, स्पंज व सिरॅमिकच्या कड्यांमधून जाते आणि पंप ते पुन्हा वर पाठवतो. टाकीतील पाण्याची पातळी झाकणापासून एक मीटर उंच असेल, तर झाकणाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर आतून १०० ग्रॅम भार येतो. हा आकडा किरकोळ वाटतो. पण १५ सेंटिमीटर व्यासाच्या झाकणाचे क्षेत्रफळ सुमारे १७७ चौरस सेंटिमीटर भरते, म्हणजे जवळजवळ साडेसतरा किलोंचा जोर त्या झाकणाला रात्रंदिवस वर ढकलत राहतो. डाळ-तांदळाला मुंग्या लागू नयेत म्हणून केलेल्या क्लिपांकडून ही अपेक्षा करणे हा त्या क्लिपांवरच अन्याय आहे.

माझ्या बरणीने अकरा दिवस तग धरला. बाराव्या रात्री एक क्लिप सुटली आणि सकाळपर्यंत तीन फुटी टाकीतील शंभर लिटर पाण्यापैकी दोन बोटे पाणी उरले, कारण पाणी खेचणारी नळी मी हौसेने थेट तळापर्यंत नेली होती. मासे वाचले, पण खालच्या मजल्यावरील शेजाऱ्यांच्या छताला पडलेला डाग पुढे दोन दिवाळ्या तसाच होता. त्या नळीला पाण्याच्या पातळीखाली तीन-चार बोटांवर एक बारीक भोक पाडले असते, तर पातळी तिथवर उतरताच नळीत हवा शिरून सायफन तुटला असता आणि नुकसान बादलीभर पाण्यावर भागले असते. परत येणाऱ्या नळीचे तोंड पाण्यात बुडालेले असेल, तर तिलाही असेच भोक हवे. कारण पंप बंद असताना पाणी त्याही वाटेने उलटे उतरू शकते. उन्हाळ्यात वाफेने पातळी घटली की मात्र खेचणाऱ्या नळीचे भोक उघडे पडून हवा ओढू लागते, म्हणून पाण्याची भर वेळेवर घालावी लागते.

भांडे कोणते घ्यावे, याला माझ्या अनुभवात दोनच खात्रीची उत्तरे आहेत. पहिले म्हणजे १६० मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपचा दीड-दोन फुटांचा तुकडा, ज्याच्या तळाला सॉल्व्हंट सिमेंटने कायमची टोपी बसवायची आणि वरच्या तोंडाला रबरी रिंग असलेले आट्यांचे झाकण लावायचे. दुसरे, लहान टाकीसाठी, पाणी शुद्ध करण्याच्या यंत्राआधी भिंतीवर बसवतात ते दहा इंची हाऊसिंग. ते नळाचा दाब सोसण्यासाठीच बनवलेले असते, आटे व रिंग तयार मिळतात आणि वाडगा पारदर्शक असल्याने गाळ किती साठला हे दिसते. फक्त त्याच्या मधल्या तोंडाला नळीचा तुकडा जोडून तो जवळजवळ तळापर्यंत न्यावा, म्हणजे वरून आलेले पाणी सगळा थर ओलांडूनच बाहेर पडेल. एरवी ते वरच्या वर निघून जाते आणि खालचा स्पंज नुसता बसून राहतो.

नळ्या जोडण्यासाठी लेखात सिलिकॉन सुचवले आहे, त्याविषयीही सांगायला हवे. अशा बरण्या बहुधा पॉलिप्रॉपिलीनच्या असतात आणि त्या प्लॅस्टिकला ना सिलिकॉन नीट धरते, ना सॉल्व्हंट सिमेंट. पहिल्या दिवशी जोड पक्का वाटतो आणि नळीला दोन-चार हिसके बसले की कडेने पाझरू लागतो. छतावरच्या टाकीला जोड देताना प्लंबर जे टँक निपल वापरतात, तेच दोन्ही बाजूंना रबरी वॉशर घालून आवळावे. पितळी जोड टाळावेत, कारण त्यातून सुटणारे तांबे कोळंबी व गोगलगाईंना घातक ठरते. सगळे जोडून झाल्यावर टाकीच्याच उंचीवर भरलेली बादली ठेवून फिल्टर एक दिवस मोरीत चालवून पाहावा आणि जमिनीवर कोरडा कागद पसरून ठेवावा. पाझर डोळ्यांना दिसण्याआधी कागद ओला होतो.

पंपाविषयी अनेकांचा असा समज असतो की, पाणी एवढे वर चढवायचे म्हणजे मोठा पंप हवा. तसे नाही. नळ्या पूर्ण भरलेल्या असल्या की उतरणारे पाणी चढणाऱ्या पाण्याला तोलून धरते आणि पंपाला केवळ नळ्या व थरांच्या घर्षणावर मात करावी लागते. शंभर लिटरच्या टाकीला तासाला चारशे ते सहाशे लिटर प्रवाह पुरतो. पंप मात्र थरांनंतर, बाहेर जाणाऱ्या बाजूला असावा, आणि प्रवाह कमी करायचा झाल्यास कॉक त्याच बाजूचा फिरवावा. वायर बोर्डात शिरण्यापूर्वी खाली झोळ सोडावा, म्हणजे नळीवरून ओघळलेले पाणी बोर्डात न जाता झोळावरून टपकेल.

आता लेखात मुळीच न आलेली बाब. आमच्या भागात दुरुस्तीसाठी म्हणून अधूनमधून दिवसभर वीज बंद असते, आणि खेड्यापाड्यांतील वाचकांची स्थिती याहून बरी नसावी. कॅनिस्टरमधील कड्यांवर वाढलेले जिवाणू माशांच्या शरीरातून बाहेर पडणाऱ्या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. त्यांची वस्ती पुरती बसायला चार ते सहा आठवडे लागतात, म्हणून तोवर जुना फिल्टरही सोबत चालू ठेवावा लागतो. अमोनियाच्या रूपातील एक मिलिग्रॅम नायट्रोजन उलगडायला त्यांना सुमारे साडेचार मिलिग्रॅम प्राणवायू लागतो, आणि ३० अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात तो जेमतेम साडेसात मिलिग्रॅम असतो. आठ लिटरच्या भांड्यात, स्पंज व कड्यांची जागा हिशेबात न धरताही, मिळून ६० मिलिग्रॅम. त्यात साठलेला गाळही कुजत असतो. प्रवाह थांबला की हा साठा काही तासांत संपतो, जिवाणू मरू लागतात, आणि संध्याकाळी वीज आली की पंप आपोआप सुरू होऊन सडक्या अंड्यांच्या वासाचे ते पाणी थेट माशांच्या अंगावर सोडतो. ‘सकाळपर्यंत मासे ठणठणीत होते’ असे सांगणाऱ्यांपैकी काहींच्या घरी नेमके हेच घडलेले असते.

उपाय अवघड नाही. वीज गेली की आधी पंपाचा प्लग काढून ठेवावा. खंड तीन-चार तासांहून मोठा झाला, तर दोन्ही कॉक बंद करून भांडे सोडवावे, त्यातील पाणी मोरीत ओतावे, स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा (नळाखाली नव्हे; पाण्यात क्लोरीन घालतात ते जिवाणू मारण्यासाठीच, आणि ते हे जिवाणू निवडून सोडत नाही) आणि मगच फिल्टर पुन्हा भरावा. वीज जाणार हे आदल्या दिवशी ठाऊक असेल, तर आणखी सोपे. मी कड्या सुट्या न ठेवता कांद्याच्या जाळीदार पिशवीत भरतो, सकाळी ती पिशवी उचलून टाकीच्या पाण्यात टांगतो आणि संध्याकाळी परत भांड्यात ठेवतो.

लेखासोबतची आकृती सुबक आहे आणि सुट्टीत मुले ती समोर ठेवून काम सुरू करतील. म्हणून पुढील पुरवणीत तीच आकृती पुन्हा छापावी, अशी विनंती आहे. बरणीच्या जागी आट्यांच्या झाकणाचे भांडे, दोन्ही नळ्यांवर कॉक व वरच्या बाजूला ते बारीक भोक, आणि वायरीचा झोळ, एवढी दुरुस्ती त्यात करून घ्यावी.

आपला,
एक नियमित वाचक, सांगली