नमुना तयार आहे, मोजणी मिळत नाही
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

मी पुण्यातल्या एका संलग्न महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते आणि एम.एस्सी.च्या मुलांचे मटेरियल सायन्समधले प्रोजेक्ट पाहते. नव्या शैक्षणिक धोरणानुसार दोन वर्षांच्या ८८ क्रेडिटपैकी १० क्रेडिट रिसर्च प्रोजेक्टला आहेत. हा निर्णय मला मनापासून पटलेला आहे, म्हणूनच लिहिते आहे.

गेल्या वर्षी माझ्या एका विद्यार्थिनीने मॅग्नेशियम घातलेलं झिंक ऑक्साइड बनवलं. सांडपाण्यातला कापडाचा रंग त्याच्या मदतीने उन्हात मोडतो का, हे तिला पाहायचं होतं. द्रावणात तळाशी बसलेला अवक्षेप गाळायचा, धुवायचा, वाळवायचा, खलात तासभर घोटायचा आणि मग मफल फर्नेस या भट्टीत ५०० अंश सेल्सिअसला ठेवायचा. क्रुसिबल बाहेर काढली तर पूड पिवळी! पोरगी घाबरलीच. झिंक ऑक्साइड तापलं की पिवळं होतं आणि निवलं की पुन्हा पांढरं, हे तिने वाचलेलं होतं. पण तो रंग डोळ्यांसमोर परतताना पाहिला, तेव्हा ती भट्टीजवळून हलेना.

पुढचं काम एक्सआरडीचं, म्हणजे क्ष-किरणांनी पुडीतली अणूंची रचना तपासण्याचं. मॅग्नेशियम झिंकच्या जागी जाऊन बसलं की वेगळंच राहिलं, हे नुसत्या पांढऱ्या पुडीकडे बघून कळत नाही. नमुना यंत्रात गेला की अर्ध्या-पाऊण तासात आलेख निघतो. तिला तो दहा आठवड्यांनी मिळाला. आधी रांग होती, मग ऑपरेटर रजेवर, मग यंत्रच बंद. आलेखात ४३ अंशांच्या आसपास एक जादा शिखर होतं, ते वेगळ्या राहिलेल्या मॅग्नेशियम ऑक्साइडचं. म्हणजे मॅग्नेशियमचं प्रमाण कमी करून सगळं पुन्हा करायला हवं होतं. रिपोर्ट द्यायला नऊ दिवस उरले होते. तिने आलेख होता तसा चिकटवला. मार्क चांगले पडले, पण ते देताना मला वाईट वाटलं. चुकलं कुठे ते तिला समजलं होतं, दुरुस्त करायला मात्र मिळालं नाही.

मंत्रिमहोदय, पुण्यात यंत्रांचा दुष्काळ नाही. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, आयसर, सी-मेट या संस्था पाषाण रस्त्याच्या आसपास आहेत. त्या केंद्राच्या, तिथे आपण शब्द टाकू शकता. गणेशखिंडीचं विद्यापीठ आणि शिवाजीनगरचं सीओईपी हे तंत्रशास्त्र विद्यापीठ मात्र राज्याचं आहे. आय-स्टेम या केंद्राच्या पोर्टलवर २०२० पासून देशभरातल्या उपकरणांची माहिती मिळते, पण तीन नमुने घेऊन आलेल्या एम.एस्सी.च्या मुलाला त्या रांगेत कोण पुढे घेणार?

राज्य विद्यापीठांतल्या एक्सआरडी किंवा एसईएम (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक) यांसारख्या यंत्रांवर आठवड्यातला एक दिवस संलग्न महाविद्यालयांच्या प्रोजेक्टसाठी राखून ठेवावा, ही पहिली मागणी आहे. फी मेसच्या पैशांतून भरावी लागू नये, इतकी असावी. आणि यंत्र चालवणारा माणूस कायम नेमावा, दुरुस्तीच्या वार्षिक कराराला वेगळा निधी द्यावा. यंत्र घेताना सोहळा होतो, पण त्याचा एक सुटा भाग बदलायला महिनोन्महिने फाइल फिरते, हे मी जवळून पाहिलं आहे.

तिच्या उरलेल्या पुडीच्या तीन छोट्या पिशव्या माझ्या टेबलाच्या खणात आहेत, प्रत्येकीवर तिच्या अक्षरात तारीख आणि तापमान. यंदाच्या मुलाने तिथूनच पुढे काम धरलं आहे. त्याचे नमुने ऑक्टोबरात तयार होतील.

आपली,
पुण्यातील एक प्राध्यापिका